धम्मचक्र आऱ्यांत नाही

धम्मचक्राचा अर्थ काय, असे कुणी विचारले तर आपल्याकडे उत्तर तयार असते : आरे मोजा. आठ निघाले तर आर्य अष्टांगिक मार्ग. बारा निघाले तर प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्या. चोवीस निघाले तर त्याच कड्या एकदा अनुलोम आणि एकदा प्रतिलोम. चक्र राष्ट्रध्वजावरचे असेल तर चोवीस सद्गुण, नाहीतर दिवसाचे चोवीस तास. विहारांच्या भिंतींवर, वंदनेच्या पुस्तिकांत, स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांत हीच वाचनपद्धती दिसते. ती मांडणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी मला शंका नाही. चक्राचा अर्थ आऱ्यांच्या संख्येत दडलेला आहे, हे त्यांचे गृहीतक मात्र मला अमान्य आहे. ते का अमान्य आहे हे मी वाचकाच्या न्यायासनापुढे ठेवतो.

पूर्वपक्ष आधी दुबळा करून मग खोडण्यात पुरुषार्थ नाही. म्हणून तो पूर्ण बळानिशी मांडतो. ऋषिपतनाच्या मृगदायात, म्हणजे आजच्या सारनाथला, बुद्धांनी पाच भिक्खूंना जो पहिला उपदेश दिला त्याचे नाव धम्मचक्कप्पवत्तन सुत्त. त्यात दोन टोके टाळणारा मध्यम मार्ग सांगितला आहे, आणि तो मार्ग आठ अंगांचा आहे. ज्या उपदेशाला चक्राचे नाव मिळाले त्या चक्राला आठ आरे असावेत, हे स्वाभाविक नाही का? परंपरेचीही साक्ष आहे. तिबेटी अष्टमंगलातले चक्र सर्रास आठ आऱ्यांचे काढतात. ल्हासाच्या जोखांग मंदिराच्या छतावर दोन हरणांच्या मधोमध उभे असलेले सोनेरी चक्रही आठ आऱ्यांचेच. शतकानुशतके श्रद्धावंतांनी जे पाहिले आणि पुजले, ते चूक कसे म्हणायचे? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच उत्तराची सुरुवात दगडापासून करू, कारण दगडाला कुणाची भीड नसते.

भारहुतचा कठडा इसवी सनापूर्वीचा. १८७३-७४ मध्ये कनिंगहॅमने तो उजेडात आणला आणि आज तो कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. त्यावर एका देवालयासारख्या वास्तूत चक्र दाखवले आहे आणि कोसलनरेश प्रसेनजित त्याच्या भेटीला आलेला आहे. शिल्पकाराने घोटाळा होऊ नये म्हणून ब्राह्मी अक्षरांत तिथेच नोंदही केली की हे भगवंतांचे धम्मचक्र. सांचीच्या तोरणांवर स्तंभशीर्षी चक्र आहे. अमरावतीच्या शिल्पपट्टांवर स्तंभावर उभारलेल्या चक्रापुढे माणसे हात जोडून बसली आहेत. ही सगळी त्या काळातली शिल्पे, जेव्हा बुद्धांची मानवी मूर्ती घडवण्याऐवजी चक्र, बोधिवृक्ष, पादचिन्हे यांतून त्यांचे अस्तित्व सुचवले जाई. म्हणजे चक्राच्या अर्थाविषयी सर्वांत जुनी साक्ष हीच. आणि ही साक्ष काय सांगते? आरे दाट आहेत, पुष्कळ आहेत, आणि एका चक्रातून दुसऱ्या चक्रात त्यांची संख्या बदलते. अष्टांगिक मार्ग या शिल्पकारांना आणि त्यांच्या भिक्खू-मार्गदर्शकांना ठाऊक नव्हता, असे कुणी म्हणू धजेल का? मार्ग ठाऊक होता. तो आऱ्यांत मोजायचा असतो, हे त्यांना ठाऊक नव्हते.

आता सारनाथचा अशोकस्तंभ. १९०४-०५ मध्ये ओर्टेलने केलेल्या उत्खननात त्याचे सिंहशीर्ष सापडले. सिंहांच्या पायाखालच्या गोल पट्ट्यावर हत्ती, बैल, घोडा आणि सिंह यांच्या मधून चार चक्रे आहेत, प्रत्येकी चोवीस आऱ्यांची. यांतल्याच चक्राची रचना पुढे राष्ट्रध्वजावर आली. पण सिंहांच्या माथ्यावर आणखी एक मोठे चक्र होते, हे आपण बहुधा विसरतो. ते फुटले आणि त्याचे तुकडे तेवढे मिळाले. त्या तुकड्यांवरून अभ्यासकांनी त्याला बत्तीस आरे असावेत असे ठरवले आहे. एकच राजा, एकच स्तंभ, एकच कारागीरवर्ग. खाली चोवीस आणि वर बत्तीस. संख्या हाच सिद्धान्त असेल तर एका दगडावर दोन सिद्धान्त कसे काय कोरले गेले? चोवीस म्हणजे बारा कड्यांचा उलटसुलट पाठ, असे म्हणणाऱ्याने बत्तिसांचा हिशेब द्यायला हवा. महापुरुषाची बत्तीस लक्षणे, असे उत्तर कुणीतरी देईलच. पण मग आपण अर्थ शोधत नाही. हाती आलेल्या आकड्याला शोभेल अशी यादी शोधतो. बौद्ध वाङ्मय याद्यांनी समृद्ध आहे. तिथे कुठल्याही आकड्याला जोडीदार मिळतो. हा पुरावा नव्हे. आणि अशोक स्वतः? शिला आणि स्तंभ मिळून त्याने एवढे लेख कोरवले, पण चक्राच्या आऱ्यांचा अर्थ एकाही लेखात सांगितला नाही.

यापेक्षा बोलकी साक्ष सारनाथलाच, पाचव्या शतकातली आहे. उपदेशमुद्रेत बसलेल्या बुद्धांची ती विख्यात गुप्तकालीन मूर्ती आठवा. तिच्या आसनाखाली पाच भिक्खू आहेत, हरणांची जोडी आहे आणि मधोमध चक्र आहे. हे चक्र शिल्पकाराने कसे दाखवले आहे? कडेने. धाव, म्हणजे चाकाची बाहेरची कड, पाहणाऱ्याकडे वळवलेली, जणू ते आपल्याच दिशेने येते आहे. आरे दिसतच नाहीत. ज्या भूमीवर पहिला उपदेश झाला तिथल्या, भारतीय शिल्पकलेच्या ऐन बहरातल्या कारागिराने धम्मचक्र असे घडवले की आरे मोजताच येऊ नयेत. आऱ्यांत अर्थ असता तर त्याने अर्थच झाकला असे म्हणावे लागेल. त्याने तसे केले असेल, हे मला पटत नाही. तुम्हाला पटते का?

थायलंडमधल्या द्वारवती काळातली भव्य पाषाणचक्रे मी ओझरतीच नोंदवतो. त्यांतल्या काहींवर चार सत्यांविषयीची पाली वाक्येही कोरली आहेत, आणि तरीही त्यांच्या आऱ्यांची संख्या एकसारखी नाही. पहिला उपदेश डोळ्यांपुढे ठेवून घडवलेल्या चक्रांतही आठाचा नियम पाळला गेला नाही, एवढे इथे पुरेसे आहे.

दगड मुका आहे, ग्रंथ बोलतो, असा आक्षेप येईल. मान्य. ग्रंथ उघडू. धम्मचक्कप्पवत्तन सुत्तात आठ अंगांचा मार्ग आहे, हे खरे. पण त्याच सुत्तात चक्राच्या आऱ्यांचा उल्लेख कुठे आहे? कुठेही नाही. ना आठ, ना दहा. आकडाच हवा असेल तर सुत्त स्वतः जो आकडा ठसवते तो बाराचा : चार आर्यसत्यांपैकी प्रत्येकाचे तीन टप्पे. सत्य ओळखणे, त्याबाबत काय करायचे ते जाणणे, आणि ते केले गेले हे जाणणे. असे तिहेरी आणि बारा प्रकारचे ज्ञान शुद्ध झाल्यावरच आपण संबोधी मिळाल्याचे घोषित केले, असे बुद्ध तिथे सांगतात. संख्येचा आग्रह धरणाऱ्याने त्या सुत्तातून आठ उचलावे आणि बारा सोडावे, याला आधार कोणता?

पाली ग्रंथांत चक्राचे सविस्तर वर्णन येते ते चक्रवर्ती राजाच्या चक्ररत्नाचे आणि बुद्धांच्या तळपायावरील चिन्हाचे. तिथे आरे आहेत, तुंबा म्हणजे चाकाचा मधला भाग आहे, धाव आहे. आरे किती? एक हजार. हजार म्हणजे कशाचे हजार, हे कुणी सांगत नाही, कारण सांगण्यासारखे काही नाही. हजार म्हणजे परिपूर्ण, कशाचीही उणीव नसलेले.

आणि बुद्ध स्वतः चाकाच्या आऱ्यांविषयी बोलले आहेत, तेव्हा काय बोलले? अंगुत्तर निकायात पचेतन नावाच्या राजाची कथा आहे. त्याने रथकाराला सहा महिन्यांत चाकांची जोडी बनवायला सांगितली. रथकाराने एक चाक घडवायला सहा दिवस कमी सहा महिने लावले आणि दुसरे उरलेल्या सहा दिवसांत घडवले. राजाला दोन्हींत फरक दिसेना. तेव्हा रथकाराने दोन्ही चाके ढकलून दिली. सहा दिवसांचे चाक ढकलल्याचा जोर होता तेवढे गेले, गरगरले आणि आडवे झाले. दुसरे जोर संपल्यावर आसात बसवल्यासारखे उभे राहिले. पहिल्याची धाव, आरे आणि तुंबा वाकडे होते, त्यांत दोष होते. दुसऱ्याचे सरळ होते. काया, वाचा आणि मन यांचा वाकडेपणा असाच काढावा लागतो, असे बुद्ध पुढे सांगतात. आरे सरळ आहेत की वाकडे, एवढेच तिथे पाहिले आहे. ते किती, हे ना राजाने विचारले, ना रथकाराने सांगितले, ना बुद्धांनी.

आता मी पूर्वपक्षाच्या हातात एक शस्त्र स्वतःहून देतो. अष्टांगिक मार्ग आणि चक्र यांची सांगड जुन्या आचार्यांनी घातलेली आहे. वसुबंधूच्या अभिधर्मकोशभाष्यात सहाव्या प्रकरणात भदंत घोषकाचे मत दिले आहे. मार्गाला चक्र का म्हणावे, याचे उत्तर घोषक असे देतो : सम्यक दृष्टी, सम्यक संकल्प, सम्यक व्यायाम आणि सम्यक स्मृती हे आरे, सम्यक वाचा, सम्यक कर्मान्त आणि सम्यक आजीविका हा तुंबा, आणि सम्यक समाधी ही धाव. आता मोजा. आरे चार निघतात. आठही अंगे चक्रात बसवू पाहणाऱ्या अधिकारी आचार्यालाही आठ आरे सुचले नाहीत. त्याने विचारले, चाक उभे कशाने राहते? शीलाने, म्हणून शील मध्यभागी. चाक भेदते कशाने? प्रज्ञेने आणि प्रयत्नाने. म्हणून ते आरे. चाक विस्कटत नाही ते कशामुळे? समाधीमुळे, म्हणून ती धाव. तिबेटी परंपरेतही तुंबा म्हणजे शील, आरे म्हणजे प्रज्ञा आणि धाव म्हणजे समाधी असे विवरण रूढ आहे. ज्या परंपरेचे आठ आऱ्यांचे चक्र पुरावा म्हणून पुढे केले जाते, तीच परंपरा आऱ्यांना पूर्ण मार्ग मानत नाही. आठही अंगे आऱ्यांत ओतली की तुंबा आणि धाव रिकामी राहतात. शील आणि समाधी यांना चक्रात जागाच उरत नाही. हे सोपे केलेले स्पष्टीकरण नव्हे. हे नुकसान आहे.

आकड्याला अर्थ देणे भारतीय मनाला परके होते, असे माझे म्हणणे नाही. ऋग्वेदातल्या दीर्घतम्याच्या सूक्तात वर्षाचे बारा आऱ्यांचे चक्र आहे, आणि तीनशे साठ खुंट्यांचेही. कवीने आकडे दिले ते वर्षाचा हिशेब सांगण्यासाठीच. बौद्धांनीही हे केले, पण दुसऱ्या चक्राबाबत : जन्ममरणाच्या भवचक्राबाबत. दिव्यावदानात भवचक्र रंगवण्याचा आदेश आहे आणि त्याचे पाच भाग कोणते, पाच गती कोणत्या, हे स्पष्ट सांगितले आहे. विशुद्धिमग्गात बुद्धघोष संसारचक्राचा अवयवन् अवयव उलगडतो : अविद्या आणि भवतृष्णा हा तुंबा, कर्मसंस्कार हे आरे, जरामरण ही धाव, आणि ज्याने हे आरे तोडले तो अरहंत. गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी याच ग्रंथाच्या देवनागरी आणि रोमन संपादनासाठी आयुष्याची वर्षे खर्च केली. मराठी वाचकाला तो परका नसावा. थोडक्यात, जिथे अवयवांतून सिद्धान्त सांगायचा होता तिथे बौद्ध आचार्यांनी तो स्वच्छ शब्दांत सांगितला. धम्मचक्राबाबत अवयवांचा अर्थ सांगतानाही आऱ्यांच्या संख्येवर त्यांनी भर दिला नाही, याचा अर्थ ती त्यांच्या लेखी महत्त्वाची नव्हती. आणि ओघात एक मुद्दा निकालात काढतो : धम्मचक्र म्हणजे जन्ममरणाचे फेरे, असे काही जण म्हणतात. एका चक्राचे आरे तोडायचे आहेत आणि दुसरे थांबू द्यायचे नाही. ही दोन चक्रे एक कशी?

युरोपातून आलेला आणखी एक पक्ष आहे. १८७५ च्या सुमारास सेनार या अभ्यासकाने बुद्धचरित्राचा अर्थ सूर्यकथा म्हणून लावला; केर्ननेही तोच मार्ग धरला. मग चक्रही सूर्यबिंब ठरले. ओल्डेनबेर्गने १८८१ मध्ये ऐतिहासिक बुद्धांची बाजू भक्कमपणे मांडून या मताचा जोर काढून घेतला. चक्राच्या आकाराला वैदिक काळात सौर संदर्भ होता, हे मी नाकारत नाही. पण चिन्ह कुठून आले आणि ते काय सांगते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आकाशाकडे डोळे लावून पाहण्याची सवय किती फसवते, हे अजिंठ्यात दिसते : सतराव्या लेण्याच्या ओवरीत भवचक्र रंगवलेले आहे, आणि एकोणिसाव्या शतकातल्या पाहुण्यांनी त्यालाच राशिचक्र समजून लेण्याला तसे नावही दिले होते.

खंडन झाले. आता मंडन. आरे नव्हेत, तर मग चक्राचा अर्थ कशात आहे? चक्र फिरण्यात. आणि ते केव्हा फिरते, हे ग्रंथांनी विलक्षण काटेकोरपणे सांगितले आहे.

संबोधीनंतर बुद्ध वाराणसीकडे निघाले. गया आणि बोधिवृक्ष यांच्या दरम्यान त्यांना उपक नावाचा आजीवक भेटला. त्यांची प्रसन्न मुद्रा पाहून त्याने गुरू कोण असे विचारले. बुद्धांनी सांगितले की आपल्याला गुरू नाही, आपण सम्यक संबुद्ध आहोत आणि धम्मचक्र फिरवायला काशीच्या नगरीकडे चाललो आहोत. उपक म्हणाला, असेल तसे. मान हलवली आणि आडवाटेने निघून गेला. विनयाच्या महावग्गात आणि मज्झिम निकायात हा प्रसंग जपला आहे. का जपला असेल? संप्रदायाच्या संस्थापकाचे बोलणे वाया गेले, ही गोष्ट अनुयायांनी लपवायला हवी होती. पण त्यांनी ती ठेवली, कारण ती चक्राची व्याख्या पूर्ण करते. ज्ञान तेच होते, सांगणारा तोच होता, चक्राचा शब्दही उच्चारला गेला होता. चक्र फिरले नाही. ऐकणाऱ्याचे मन जागचे हलले नाही म्हणून.

मृगदायात ते फिरले. केव्हा? उपदेश सुरू झाल्यावर नव्हे, संपल्यावरही नव्हे. सुत्ताचा क्रम पाहा. उपदेश होतो; मग पाच भिक्खूंपैकी कौंडिण्याचा धम्मचक्षू उघडतो, जे जे उत्पन्न होते ते ते निरोध पावते, हे तो स्वतः पाहतो; आणि त्यानंतर भूमीवरच्या देवांपासून ब्रह्मलोकापर्यंत घोष जातो की वाराणसीत चक्र फिरले, आणि ते आता श्रमण, ब्राह्मण, देव, मार, ब्रह्मा किंवा जगातले कुणीही उलटे फिरवू शकणार नाही. अट्ठकथा, म्हणजे पाली भाष्यही तेच म्हणते : कौंडिण्य मार्गात स्थिर होईपर्यंत चक्र ‘फिरवले जात’ होते, तो स्थिर झाला तेव्हा ते ‘फिरले’. वसुबंधू दुसऱ्या संप्रदायाचा, दुसऱ्या भाषेत लिहिणारा. तोही तिथेच पोहोचतो : कौंडिण्याच्या ठायी दर्शनमार्ग उपजला तेव्हा चक्र फिरल्याचे देवांनी सांगितले. थेरवादी अट्ठकथाकार आणि संस्कृत अभिधर्माचा भाष्यकार कितीतरी गोष्टींत भांडतात. इथे त्यांचे एकमत आहे. सत्य एका मनातून दुसऱ्या मनात पोहोचते आणि तिथे स्वतःच्या पायांवर उभे राहते, त्या क्षणाचे नाव धम्मचक्र.

चक्र हेच रूपक का निवडले, तेही यातून उलगडते. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात दळहनेमी राजाच्या घराण्याची कथा आहे. चक्ररत्न पूर्वेकडे गडगडत जाते, राजा सेनेसह मागोमाग जातो, समोरचे राजे येऊन स्वागत करतात, आणि विजयी राजा त्यांना पाच शीले सांगतो; दंडाविना, शस्त्राविना. पण तो राजा निवृत्त झाल्यावर सातव्या दिवशी चक्र नाहीसे होते आणि नव्या राजाला सांगितले जाते की हे बापाकडून वारशाने येत नाही, धर्माने वागून मिळवावे लागते. चक्र म्हणजे अधिकार. पण सक्तीविना पुढे जाणारा, आणि जो मिळवेल त्याचाच. सेल नावाच्या ब्राह्मणाने बुद्धांना म्हटले की तुमची लक्षणे चक्रवर्ती राजाची आहेत. बुद्ध म्हणाले, राजा मी आहेच, धम्माचा. मग तुमचा सेनापती कोण? उत्तर आले : सारिपुत्त, मी फिरवलेले चक्र तो पुढे फिरवतो.

शेवटचा आक्षेप ध्वजाचा. २२ जुलै १९४७ रोजी नेहरूंनी संविधान सभेत मांडलेला ठराव वाचावा. त्यात चक्र चरख्याचे प्रतिनिधित्व करते असे आहे आणि त्याची रचना सारनाथच्या सिंहशीर्षावरील चक्राची असेल असे आहे. चोवीस सद्गुणांची यादी त्यात नाही. ती मुलांकडून पाठ करून घेणाऱ्यांनी ती कुठून आणली, हे सांगण्याची जबाबदारी त्यांची आहे.

मग आठ आऱ्यांचे चक्र भिंतींवरून पुसायचे का? मुळीच नाही. ते अष्टांगिक मार्गाची आठवण म्हणून राहावे. आठवण करून देणे हे चित्राचे चांगले काम आहे. आक्षेप आहे तो त्याखाली ‘धम्मचक्राचा अर्थ’ असे लिहिण्याला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली, आणि लगेच स्वतः उभे राहून समोरच्या लाखोंना त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. घेतलेले तिथल्या तिथे पुढे दिले गेले. त्या दिवसाला महाराष्ट्र धम्मचक्र प्रवर्तन दिन म्हणतो. पूर्वपक्षाला माझा एकच प्रश्न उरतो : त्या दिवशी फिरलेले चक्र किती आऱ्यांचे होते?